ज्याचं कुत्रं, त्याच्या दारी

टाटा हॉस्पिटलात पेशंट घेऊन गेलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला परळ-दादरचा भाग चांगलाच ठाऊक असतो. केईएम, वाडिया, हाफकिन, दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. तिवसा तालुक्यातली कितीतरी कुटुंबं त्या फूटपाथांवरून चिंतेच्या दिवसांत हिंडली आहेत. त्याच परिसरात, डॉ. एस. एस. राव रस्त्यावर, आणखी एक जुना दवाखाना आहे. कागदोपत्री त्याचं नाव ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स’. मुंबईकर मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणत आले. महाराष्ट्रात जनावरांचा धर्मादाय दवाखाना म्हटलं की हे नाव प्रथम डोळ्यांसमोर येतं. तिवशाच्या वाचकांपुढे त्याचा इतिहास मांडण्याचं कारण असं, की कुत्रा पाळायची इच्छा आहे, गरज आहे, पण ऐपत नाही, अशा माणसाला हात कसा द्यायचा हा प्रश्न आपल्या तालुक्यात रोजचा आहे आणि परळच्या त्या आवारात त्याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी.

आपल्याकडे कुत्रं कोण पाळतं? बंगल्यातला हौशी माणूस पाळतोच, पण तो थोडा. खरा मालक वावरात आहे. कपाशी-तुरीत रानडुकरं शिरतात, चण्यात रोह्यांचा कळप घुसतो, संत्र्याच्या बगीच्याला रात्रीची राखण लागते. जागलीला जाणारा माणूस एकटा जात नाही. त्याच्या पुढे-मागे एखादं तरी कुत्रं असतंच. अंधारात डुकराची चाहूल त्यालाच आधी लागते. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगराच्या बिऱ्हाडात कुत्री असतात, पारध्यांच्या बेड्यावर असतात, मुलं शहरात गेल्यावर मागे एकट्या उरलेल्या म्हातारीच्या ओट्यावरही असतात. या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नसतो. असलीच तर सुताची दोरी असते. दोरी नसली की लोक त्याला बेवारस समजतात. मालक असून बेवारस ठरलेली ही कुत्रीच या इतिहासाच्या मुळाशी आहेत, कारण मुंबईतही सगळं सुरू झालं ते अशाच कुत्र्यांवरून.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. ठरलेल्या मुदतीत कुत्रं मारून आणणाऱ्याला आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. आठ आणे त्या काळी मजुराला मोठी रक्कम होती. मग मोकाट कोणतं आणि घरचं कोणतं हे पाहायची कोणाला गरज वाटेना. दारातली, अंगणातली पाळलेली कुत्रीही उचलली जातात अशी लोकांची तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, हा ‘सगदीद’ त्यांच्या अंत्यविधीचाच भाग. ६ जून १८३२ रोजी फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी साथ दिली, दुकानं बंद ठेवली, लष्कराचा रसद-पुरवठाही अडवला. इतिहासात ही घटना मुंबईची ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदली गेली आहे. सैन्य आलं, धरपकड झाली. पुढे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या वजनदार माणसांनी मध्यस्थी केली, आणि कुत्री मारण्याऐवजी दुसरीकडे नेण्याचा विचार पुढे आला.

त्यातून १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शहा ही त्यामागची दोन नावं. एक पारशी, एक जैन. दोघांचे धर्म वेगळे आणि कुत्र्याकडे पाहण्याची कारणंही वेगळी, पण पैसा एकाच कामात पडला. मुंबईच्या दानशूरपणाचा हा पाया होता. पांजरापोळीनं हजारो जिवांना आसरा दिला, आजही देते. तरी तिची एक मर्यादा होती, ती सांगितली पाहिजे. पांजरापोळ ही सोडून दिलेल्या, थकलेल्या, नको झालेल्या जनावरांची जागा. तिथे जनावर गेलं की मालकाशी त्याचं नातं तुटतं. गरिबाच्या हातून जनावर काढून घेऊन त्याला जगवणं हे पुण्याचं काम खरं, पण त्या गरिबाचं काय? त्याचा बैल गेला, त्याचा घोडा गेला, त्याची राखण गेली.

या प्रश्नाकडे वळायला मुंबईला आणखी चाळीस वर्षं लागली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध काम करणारी संस्था स्थापन झाली, ‘बॉम्बे एसपीसीए’. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांनी ओढायच्या ट्राम धावू लागल्या. बंदरातून माल वाहणारे बैल तर आधीपासून होतेच. खांदा सोलवटलेला बैल, लंगडणारा घोडा, अतिभारानं कोसळलेलं जनावर रोज दिसत होतं. संस्थेचे लोक गाडीवाल्याला अडवत, दंड होई, पण त्यापुढे काय? लंगडा बैल घेऊन तो गाडीवाला जाणार कुठे? दंड भरून दुसऱ्या दिवशी तोच बैल जुंपण्यावाचून त्याला इलाज नव्हता, कारण बैल थांबला की घरची चूल थांबे. कायद्यानं क्रूरता थांबते ती अर्धीच. उरलेली अर्धी थांबवायला दवाखाना लागतो.

तो दवाखाना दिला दिनशा माणेकजी पेटिट यांनी. १८२३ चा जन्म, मुंबईच्या कापडगिरण्यांच्या पहिल्या पिढीतले मोठे मालक. परळचा दवाखाना १८८३ मध्ये त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचं नाव दिलं गेलं. वऱ्हाडातल्या वाचकानं इथे क्षणभर थांबावं. दिनशा पेटिटांची संपत्ती कापसाची होती, आणि मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या मुलखांत वऱ्हाड अग्रेसर होता. आपल्या बैलांनी बंडीतून ओढलेल्या कापसाचा थोडा तरी अंश त्या दवाखान्याच्या भिंतींत असणार, असं मला मनापासून वाटतं.

२ ऑगस्ट १८८६ रोजी या दवाखान्याच्या आधारानं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. दवाखाना आणि कॉलेज एकमेकांच्या शेजारी असल्यामुळे फार मोठी गोष्ट साधली. शिकणाऱ्या मुलाला रोज खरी जनावरं पाहायला मिळाली आणि गरिबाच्या जनावराला शिकलेला हात मिळाला. धर्मादाय म्हणजे उरलंसुरलं, दुय्यम दर्जाचं, ही समजूत तिथे मोडली. आजही हे कॉलेज परळला आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. या विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नागपुरात, आणि अकोल्याची पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही त्याच विद्यापीठाची.

ट्रामला वीज आली, बंदरात ट्रक आले, बैल-घोडे मुंबईतून हळूहळू कमी झाले. नाव ‘बैलघोडा’ राहिलं आणि दारात रांग लागली ती कुत्र्या-मांजरांची. चाळीतला, झोपडपट्टीतला, फूटपाथवरचा माणूस कुत्रं कवेत घेऊन तिथे येऊ लागला. या बदलात या संस्थेचा मोठेपणा मला दिसतो. बैल पोट भरून देतो, म्हणून त्याच्या उपचाराला मदत करणं लोकांना सहज पटतं. कुत्र्याचं तसं नाही. ज्याला स्वतःच्या पोटाची भ्रांत, त्यानं कुत्रं पाळावंच कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. दवाखान्यानं तो प्रश्न दारात उभा केला नाही. आजारी जनावर आलं की उपचार करायचा, शक्य असेल तर बरं करून ज्यानं आणलं त्याच्याच हाती द्यायचं, हे त्याचं काम. पांजरापोळीपासून पुढे टाकलेलं पाऊल ते हेच.

हेच काम जगात सर्वांत नेटानं केलं ते मराइया डिकिन या इंग्रज बाईनं, म्हणून तिची हकीकत इथे आली पाहिजे. पहिलं महायुद्ध चालू होतं. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्त्यांतून हिंडताना तिनं खरजेनं सडलेली, पाय मोडलेली कुत्री-मांजरं पाहिली आणि त्यांना जवळ घेऊन बसलेली माणसंही पाहिली. पशुवैद्याची फी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी व्हाइटचॅपल भागातल्या एका तळघरात तिनं मोफत दवाखाना उघडला. आजारी जनावर आणा, त्याला हाल सोसू देऊ नका, पैसे लागणार नाहीत, अशा अर्थाची पाटी दाराबाहेर लावली. गर्दी इतकी झाली, की पुढे घोडागाडीतला फिरता दवाखाना काढावा लागला. ‘पीडीएसए’ या नावानं ती संस्था आज ब्रिटनभर दवाखाने चालवते.

तिला विरोधही झाला. पशुवैद्यकांचं म्हणणं होतं, की फुकट दवाखाना निघाला तर ऐपतदारही तिथेच जातील आणि आमचा धंदा बसेल. हा आक्षेप खोटा नव्हता. त्यातूनच पुढे पद्धत रुजली ती अशी : ज्याला कमी उत्पन्नामुळे सरकारी मदत मिळते त्याचं जनावर आमचं, बाकीच्यांनी फी भरून खासगी डॉक्टर गाठावा. आपल्याकडे ही अडचण आणखी सोपी आहे. पिवळं किंवा अंत्योदयाचं रेशन कार्ड दाखवलं की पुरे. दाखला, अर्ज, शिक्के यांच्या फेऱ्यात मेंढपाळाला अडकवलं तर तो कुत्रं घेऊन परत फिरेल आणि पुन्हा येणार नाही.

आता वऱ्हाडाकडे येऊ. मुंबई इलाख्यात सरकारी पशुवैद्यक खातं १८९२ मध्ये सुरू झालं. २० मे हा पशुसंवर्धन खात्याचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभारात होता. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये निघालं आणि विदर्भातल्या मुलांना घराजवळ हे शिक्षण मिळालं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे गुरांचे दवाखाने त्यांच्या छत्राखाली आले. आपल्या बोलीत ‘ढोरांचा दवाखाना’. तिथे गाय, म्हैस, बैल, बकरी पहिल्या हक्काची. रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, फऱ्या-घटसर्पाची लस, विम्याचे कागद, पंचनामे, या साऱ्यात डॉक्टर आणि पर्यवेक्षक बुडालेले असतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. कुत्र्यालाही तिथे पाहतात, औषध लिहून देतात, इंजेक्शन देतात. अडचण येते ती लशीची.

ती अडचण जरा जवळून पाहू. रेबीजची लस ही दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो आणि भारनियमन असतंच. म्हणजे फ्रिज, बर्फाची पेटी, सगळी जपणूक आली. शिवाय लशीच्या काही कुप्या दहा कुत्र्यांपुरत्या असतात. एकदा कुपी फोडली की उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. एक माणूस एक कुत्रं घेऊन आला तर त्याच्यासाठी दहा जणांची कुपी फोडायची कशी, असा पेच कर्मचाऱ्यापुढे पडतो. ‘आणखी लोक जमले की बोलावतो’ असं सांगितलं जातं. तो माणूस मजुरीचा दिवस मोडून, कुत्र्याला दोरी बांधून, पाच-सात किलोमीटर चालत आलेला असतो. तो परत जातो. खासगी मेडिकलमध्ये एका कुत्र्यापुरती लस मिळते, पण तिचे पैसे आणि टोचणाऱ्याचे पैसे मिळून त्याची त्या दिवसाची मजुरी निघून जाते. कुत्रं बिनलशीचं राहतं. यात कोणी क्रूर नाही, कोणी कामचुकार नाही. फक्त दहा गरीब एका दिवशी एका ठिकाणी आणणारं कोणी नाही.

आणि बिनलशीच्या कुत्र्याची किंमत आपण फार जबर मोजतो. माणसाला रेबीज होतो त्यातले जवळपास सगळे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९९ टक्क्यांपर्यंत, रुग्ण कुत्र्याच्या चाव्यातले. लक्षणं दिसली की रोगी वाचत नाही असंच धरून चालावं लागतं. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका लहान मुलाला पहिली लस टोचली आणि तो वाचला, तेव्हापासून उपाय हाती आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवत असतील. मेंढराच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आता बंद झाली आहे. आज दंडात थोडी इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. चावा बसला की जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असायला हवं. पण माणसाला टोचत बसण्यापेक्षा कुत्र्याला टोचणं कितीतरी स्वस्त. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते, असं अभ्यासातून दिसलं आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. गोव्यात घडलं आहे. ‘मिशन रेबीज’ ही संस्था, गोवा सरकार आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था यांनी गेल्या दशकात तिथे मोहीम चालवली. माणसं दवाखान्यात येण्याची वाट कोणी पाहिली नाही; पथकं गल्लोगल्ली, घरोघरी गेली. पाळलेलं कुत्रं दारातच टोचलं, मोकाट कुत्रं जाळ्यात धरून टोचलं, ओळखीसाठी अंगावर रंगाची खूण केली आणि तिथेच सोडलं. कुठल्या वाडीत किती कुत्री झाली, याची नोंद मोबाईलवर ठेवली. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस गेली. २०१८ नंतर काही वर्षं गोव्यात माणसाचा रेबीजनं एकही मृत्यू नोंदला गेला नाही. लस मोफत, फेरा नाही, आणि कुत्रं जिथलं तिथेच.

मुंबईत आणखी एक पाऊल अलीकडे पडलं. टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालं. रतन टाटांची ही मनापासूनची इच्छा होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. दिनशा पेटिटांपासून रतन टाटांपर्यंत पारशी समाजानं या कामाला एकसारखा हात दिला, त्याची नोंद मराठी माणसानं कृतज्ञतेनं ठेवावी. पण महालक्ष्मी तिवशापासून साडेसहाशे किलोमीटरहून लांब आहे. आपल्या जागल्याच्या कुत्र्याला गोचीडताप झाला, पिल्लाला रक्ताची हगवण लागली, तर दोन-तीन दिवस सलाईन चढवणारं कोणी गावाजवळच लागतं.

त्यासाठी कायद्यानं जागा करून ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये नियम आले, आणि त्यांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असली पाहिजे. जनावरांच्या उपचाराची आणि आसऱ्याची सोय करणं हा तिच्या कामाचा भाग आहे. बॉम्बे एसपीसीए १८७४ मध्ये लोकांच्या वर्गणीवर आणि दानावर उभी राहिली. तिच्यासारखं काम आता प्रत्येक जिल्ह्याचं कर्तव्य ठरलं आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या प्राणिमित्रांनी, पत्रकारांनी, ग्रामपंचायतींनी या जिल्हा संस्थेकडे गरीब कुत्रापालकासाठी काय व्यवस्था आहे हे लेखी विचारावं. मागितल्याशिवाय निधी हलत नाही.

तिवसा तालुक्यानं सेवेचं महत्त्व जगाला शिकवलं आहे. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात. महाराजांनी ग्रामगीतेत गोवंशाच्या सुधारणेला स्वतंत्र अध्याय दिला, कारण गावाचं सुख जनावराच्या सुखाशी बांधलेलं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. गाडगेबाबांनी देवापुढचे पशुबळी थांबवण्यासाठी जन्मभर कीर्तनं केली. या दोघांच्या मुलखात मेंढपाळाचं कुत्रं लशीवाचून राहू नये.

म्हणून वाचकांना एक विनंती. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवसाआधी आपल्या गावात पिवळं कार्ड असलेली, जागलीला जाणारी, मेंढरं वळणारी, बेड्यावर राहणारी कुत्रापालक कुटुंबं कोणती, याची यादी करा. दहा-दहाचे गट पाडा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तारीख आधी कळवा, म्हणजे कुपी वाया जाणार नाही. लशीचे पैसे कमी पडले तर गणेश मंडळाच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढा. टोचल्यावर प्रत्येक मालकाच्या हाती तारखेची चिठ्ठी द्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा आठवण राहील. आणि ज्याला कुत्रं घेऊन येणं जमत नाही, त्याच्या वावरात पथकाला तुम्हीच घेऊन जा.